पॉइंट लिहिल्याबरोबर देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिक्सर, गिझर, घरघंटी, इन्व्हर्टर अशा घरगुती उपकरणांचे मराठीत रिव्ह्यू लिहिणारा साडेतीन हजार सभासदांचा समूह तुम्ही चालवता. रिव्ह्यूला १० पॉइंट, फोटोला ५, दुसऱ्याच्या रिव्ह्यूवर प्रतिसाद दिला तर २. महिनाअखेर पहिल्या दहांना ५०० रुपयांचं व्हाउचर. पहिलं दीड वर्ष छान गेलं, आता भांडणं सुरू झाली आहेत. ‘मस्त आहे, बिनधास्त घ्या’ असं दिवसाला पाच वेळा लिहिणारे यादीत वर, आणि दोन हिवाळे गिझर वापरून मग लिहिणारे खाली. दर किती ठेवले म्हणजे न्याय होईल, असं तुम्ही विचारलंय.

मी अकरा वर्षं हेच केलं. आधी पुण्यातल्या एका रिव्ह्यू संकेतस्थळावर नोकरी, मग दोन-तीन ठिकाणी सल्ला देण्याचं काम. त्यावरून सांगतो, दरांशी खेळू नका. १० चे १५ केले आणि ५ चे ३ केले, तर दोन महिने बरे जातील आणि तिसऱ्या महिन्यात तीच माणसं नव्या दरानं वर येतील. तुमची अडचण पॉइंट किती यात नाही, कधी यात आहे. बटण दाबल्या क्षणी तुम्ही पॉइंट देता. त्या क्षणी तुम्हाला एवढंच ठाऊक असतं की काहीतरी लिहिलं गेलंय. कुणाच्या कामाला आलं का, खरं निघालं का, हे कळायला अजून वेळ असतो.

माझे वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव होते, त्यामुळे मला हे सगळं दुधात दिसतं. नुसत्या लिटरवर पैसे दिले की दुधात पाणी येतं. गवळी वाईट असतो असं नाही, माप त्याला तसं शिकवतं. म्हणून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक) मोजणं आलं, आणि आज आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून सांगतात. तरी गोष्ट तिथे संपत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे विषारी रसायन घातलं गेलं आणि तान्ह्या मुलांचे जीव गेले. घालायचं कारण एवढंच की प्रथिनं मोजायची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजत होती आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो. म्हणजे जे मापाल त्यात भेसळ होणार, हे गृहीतच धरायचं. तुम्ही सध्या लिटरवर पैसे देताय.

मोठ्यांनी काय केलं ते बघू, कारण त्यांच्या चुका आपल्याला फुकट मिळतात.

गूगल मॅप्सचा ‘लोकल गाइड्स’ कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. त्यात रिव्ह्यूला १० पॉइंट, तो २०० अक्षरांपेक्षा मोठा असला तर वर आणखी १०, फोटोला ५, व्हिडिओला ७, नवी जागा नकाशावर घातली तर १५. पातळ्या दहा, आणि दहाव्या पातळीला १ लाख पॉइंट लागतात. नुसते फोटो टाकून तिथे पोचायचं तर २०,००० फोटो. एकाच हॉटेलच्या त्याच त्या डोशाचे अठरा फोटो का असतात, याचं उत्तर बरंचसं या हिशेबात आहे. तरी गूगलला हे परवडतं, कारण त्यांना नकाशा भरायचा होता. रस्ता, पाटी, दाराचा फोटो, जे येईल ते हवंच होतं. सुरुवातीच्या काळात वरच्या पातळीवाल्यांना गूगल ड्राइव्हवर १ टीबी जागा मिळायची, तीही त्यांनी पुढे काढून घेतली आणि पातळीचा बिल्ला तेवढा राहिला. तुमची गरज नकाशा भरण्याची नाही. तुमच्याकडे येणारी बाई उद्या सात हजार रुपये खर्च करणार आहे, तिला निर्णय घ्यायचाय. म्हणून तो तक्ता जसाच्या तसा उचलू नका. (तुमचे १० आणि ५ हे आकडे तिथूनच आलेत असा माझा संशय आहे. सगळे तिथूनच घेतात.)

त्या २०० अक्षरांच्या अटीबद्दल जरा बोलतो, कारण तुमच्याकडे कुणीतरी ‘किमान १०० शब्द’ असा नियम सुचवेलच. सुचवू दे, मान्य करू नका. किमान लांबी घातली की माणूस पाणी घालतो: ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात मिक्सर ही काळाची गरज बनली आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता झोपेत म्हणून दाखवीन. शिवाय मराठीत अक्षर मोजणं हा वेगळाच घोळ. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, पण संगणकाला ते सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. जोडाक्षरं भरपूर वापरणारा कमी लिहूनही अट पार करतो, आणि ‘कपडे धुताना मशीन सरकते’ असं सरळ लिहिणारा मागे राहतो.

दुसरं उदाहरण एपिनियन्सचं. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही रिव्ह्यूंची जागा लिहिणाऱ्यांना खरे पैसे द्यायची. सुरुवातीला हिशेब असा, की तुमचा रिव्ह्यू जितक्या वेळा उघडला जाईल तितके सेंट. मग सभासदांनी मंडळं केली, तू माझे उघड, मी तुझे उघडतो. पुढे त्यांनी थेट हिशेब सोडून एक सामायिक निधी केला आणि वाटपाचं नेमकं सूत्र मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलं. सोबत ‘कुणावर माझा विश्वास आहे’ अशी प्रत्येकाची यादी ठेवली, आणि कुणाचा रिव्ह्यू वर दिसायचा हे त्या याद्यांवरून ठरू लागलं. ही दुसरी कल्पना फार चांगली होती. सूत्र लपवण्याची मात्र मला पटत नाही. ज्याला आपले पॉइंट का कमी झाले हे कळत नाही, तो आपल्यालाच चोर समजतो, आणि त्याच्या जागी मीही तेच समजलो असतो. नियम उघडे ठेवा. लबाडी कशी पकडता तेवढं सांगू नका.

आता आमची स्वतःची फजिती. एका दिवाळीला आम्ही पाच दिवस दुप्पट पॉइंट जाहीर केले. एवढे रिव्ह्यू आले की ऑफिसात पेढे वाटले. भाऊबीज उलटल्यावर वाचायला बसलो, तर एका गृहस्थांनी एकाच संध्याकाळी चार कंपन्यांचे फ्रिज वापरल्याचं लिहिलं होतं. चारही फ्रिज ‘आवाज करत नाहीत’. ते सगळं काढून टाकायला महिना गेला, पण खरं नुकसान ते नव्हतं. वॉशिंग मशीनवर लिहिणारे एक निवृत्त फिटर आमच्याकडे होते. बेअरिंग कधी जातं, ड्रमचं सील का गळतं, बोअरच्या पाण्यानं काय होतं, सगळं सविस्तर लिहायचे. त्यांचा फोन आला: “साहेब, माझा रिव्ह्यू पहिल्या पानावर अकरा मिनिटं होता. मी घड्याळ लावून बघितलं.” तक्रारीचा सूर नव्हता. त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. तुमच्याकडे भांडणं होताहेत ना, ही त्या मानानं चांगली बातमी आहे. जाणारे भांडत नाहीत.

तर पॉइंट द्यायचे कधी? मी तीन वेळा देतो.

प्रकाशित होताना फक्त २. ही हजेरी समजा. अगदी शून्य ठेवलं तर नवा माणूस बुजतो, म्हणून हे दोन.

मग तीस दिवसांनी ० ते २० पर्यंत, वाचणाऱ्यांनी ‘उपयोगी पडला’ असं किती नोंदवलं त्यावर. ते कसं मोजायचं ते खाली सांगतो.

तिसरी वेळ सगळ्यांत महत्त्वाची आणि ती जवळजवळ कुणीच ठेवत नाही. सहा महिन्यांनी त्याच माणसाला विचारा, वस्तू कशी चाललीय? त्यानं पुरवणी लिहिली तर १५ पॉइंट, वर्षानं पुन्हा लिहिली तर आणखी १५. अट एकच, पहिल्या वेळी नव्हती अशी एक तरी ठोस गोष्ट हवी. गिझर घ्या. खोकं उघडल्याच्या दिवशी प्रत्येक गिझर पाच तारे असतो. जड पाण्याच्या गावात क्षार धरून पाणी तापायला वेळ लागायला लागला का, टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड बदलावा लागला का, सर्व्हिसवाला फोन केल्यावर किती दिवसांनी आला आणि ‘वॉरंटीत बसत नाही’ असं कशाला म्हणाला, हे सगळं नंतरच कळतं. मिक्सरचंही तसंच. जारखालचा कपलर झिजला की खरा मिक्सर कळतो. माझी आई कपलरला ‘जारखालचं रबरी फूल’ म्हणायची. तिनं एकदा लिहिलं होतं, ‘फूल दर सहा महिन्यांनी जातं, पण दुकानात मिळतं, म्हणून रागावले नाही.’ त्या एका वाक्यात टिकाऊपणा, सुटे भाग आणि समाधान, तिन्ही आले. तुमच्या आत्ताच्या तक्त्यात त्याला फार तर १० पॉइंट, आणि ‘मस्त आहे’लाही १०.

इथे एक शंका येईल, की ज्यांना आज लिहून आज पॉइंट मिळायची सवय लागलीय ते रुसतील. काही रुसतील. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या आकड्यांवर २०१३ साली एक अभ्यास झाला होता. बिल्ला जवळ आला की माणसं त्याच कामाचा वेग वाढवतात, आणि मिळाला की तो वेग ओसरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे झटपट बक्षिसावर आलेला माणूस तसाही टप्प्याटप्प्यानंच टिकतो. पुरवणीचे पॉइंट त्याला सहा महिन्यांनी परत दारात आणतात, हा वरचा फायदा.

आता मतं मोजण्याचं. नुसती टक्केवारी काढू नका. एकानं वाचलं, एकानंच ‘उपयोगी’ म्हटलं, झाले शंभर टक्के. तो एक बहुधा लिहिणाऱ्याचा मेहुणा असतो. यासाठी एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेलं सूत्र वापरतात, रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरही प्रतिसादांची ‘उत्तम’ क्रमवारी त्याच जातीच्या हिशेबानं लावली गेली. सूत्राची भानगड तुमच्या प्रोग्रॅमरवर सोडा, त्याचा स्वभाव तेवढा लक्षात घ्या. हातात पुरावा जेवढा कमी, तेवढं ते सावध बोलतं. १ पैकी १ मत चांगलं असेल तर ते २१ टक्के धरतं. १० पैकी ९ असतील तर ६० टक्के. १०० पैकी ९० असतील तर ८३ टक्के. २० चे तेवढे टक्के काढा, झाले तुमचे पॉइंट. मेहुण्याच्या एका मतावर ४ मिळतील. मिळू देत, मेहुण्याचा मान राहिला.

पण मेहुणे एकत्र आले तर? म्हणून एकाच सभासदानं एकाच लेखकाला महिन्यात दिलेल्या मतांची किंमत उतरती ठेवा. पहिलं मत १, दुसरं अर्धं, तिसरं पाव. कितीही मतं दिली तरी बेरीज २ च्या वर जातच नाही. कुणालाही चोर न म्हणता मंडळं आपोआप निरुपयोगी होतात, हे मला या युक्तीत आवडतं. दोन मैत्रिणी खरोखरच एकमेकींचं आवडीनं वाचत असतील तर त्यांचंही फारसं बिघडत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लोकडून आणखी दोन गोष्टी घ्या. एक, मतांतून मिळणाऱ्या गुणांना तिथे दिवसाला २०० ची मर्यादा आहे. तुम्हीही रोजची एक कमाल ठेवा, म्हणजे कुणी नोकरी केल्यासारखं बसणार नाही. दोन, तिथे एखाद्या उत्तराला नापसंती दिली की उत्तर देणाऱ्याचे २ जातात आणि देणाऱ्याचाही १ जातो. नापसंती फुकट नसावी. आकडा एकदा ठरवला की कायमचा, असंही समजू नका. प्रश्नाला मिळालेल्या पसंतीचे गुण त्यांनी २०१० मध्ये १० वरून ५ केले आणि २०१९ मध्ये पुन्हा १० केले. एवढ्या जाणत्या मंडळींना नऊ वर्षं लागली, तर तुम्ही सहा महिन्यांनी दर बदललात म्हणून कुणी हसणार नाही.

प्रतिसादाचे २ पॉइंट मात्र आजच काढा. ‘छान माहिती’ला पॉइंट द्यायचा म्हणजे कचऱ्याला अनुदान. कुणी प्रश्न विचारला आणि विचारणारीनं ‘माझं काम झालं’ अशी खूण केली, तर उत्तराला ५ द्या. फोटोलाही वेगळे पॉइंट नकोत. फोटोनं रिव्ह्यू उपयोगी झाला तर मतं तसंही वाढतील.

एकाच वस्तूच्या कितव्या रिव्ह्यूला किती, हेही ठरवा. ज्या घरघंटीवर कुणीच लिहिलेलं नाही तिच्यावर पहिला रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा गुणक २, पाचव्यापर्यंत १, मग कमी होत विसाव्यानंतर पाव. पुरवणीला हा गुणक लावू नका. विसावा माणूसही वर्षानं काय झालं ते सांगत असेल तर ते नवीनच असतं.

एक अन्याय तुमच्या तक्रारींत नाही, पण असणार. मतं देणारे बहुतेक शहरी आणि प्रमाण मराठी वाचणारे असतात. ‘मिक्सर लई गरम हुतोय, वीस मिनटात बंद पडतोय’ हे ज्यानं लिहिलं त्यानं वापराचा काळ आणि बिघाड दोन्ही सांगितले. तरी आमच्याकडे अशा रिव्ह्यूंना कमी मतं पडायची, आणि ऱ्हस्वदीर्घ अचूक असलेल्या पोकळ निबंधाला जास्त. उपाय म्हणून आम्ही ‘रिव्ह्यू आवडला का?’ हा प्रश्न काढून ‘यातून नवीन काय कळलं?’ असा ठेवला. खाली चार पर्याय दिले: बिघाड, खर्च, सर्व्हिस, रोजचा वापर. एक तरी निवडल्याशिवाय मत नोंदलं जात नव्हतं. मतं निम्म्यावर आली, पण जी आली ती विचार करून आलेली. दर महिन्याला वीसेक रिव्ह्यू चिठ्ठ्या टाकून काढा आणि तीन सभासदांना लिहिणाऱ्याचं नाव झाकून वाचायला द्या. यंत्र कुठे चुकतंय ते त्यातून कळतं.

आणि ज्याच्याकडे पैसे जास्त तो वस्तू जास्त घेणार, म्हणून पॉइंटही जास्त कमावणार. हे पूर्ण टाळता येत नाही. जुन्या वस्तूंना नव्याइतकाच मान द्या. बारा वर्षं चाललेल्या पंख्याचा रिव्ह्यू मी नव्या मॉडेलच्या रिव्ह्यूपेक्षा वर ठेवीन.

आता व्हाउचर. भांडणाचं दुसरं मूळ तिथेच आहे. पहिल्या दहांना बक्षीस म्हणजे अकराव्याचं नुकसान हाच दहाव्याचा फायदा. लोक मग स्वतः चांगलं लिहिण्याऐवजी दुसऱ्याला खाली खेचतात. शर्यत बंद करून उंबरठा ठेवा. तीन महिन्यांत अमुक पॉइंट झाले की व्हाउचर, मग ते सात जणांना मिळो नाहीतर तीस जणांना. पैसे मोजकेच असतील तर व्हाउचर लहान करा.

शिवाय मान आणि पैसा एकाच पिशवीत ठेवू नका. व्हाउचर घेतलं की जे खर्च होतात ते पॉइंट वेगळे, आणि ‘या माणसाच्या मताला वजन आहे’ हे सांगणारी पत वेगळी. पत खर्च होत नाही, विकत मिळत नाही आणि ती आकड्यात दाखवायचीही गरज नाही. स्लॅशडॉट या जुन्या संकेतस्थळानं आपल्या ‘कर्मा’ला, म्हणजे सभासदाच्या गुणांना, आधी ५० ची कमाल मर्यादा घातली, तरी लोक आकडा वाढवायच्या मागे लागले, म्हणून पुढे आकडाच काढून ‘चांगलं’, ‘उत्तम’ असे शब्द ठेवले. तुम्हीही शब्द ठेवा. आमच्याकडे ‘नवखे’, ‘वापरकर्ते’, ‘जाणकार’ असे तीनच होते, आणि ‘जाणकार’ व्हायला किमान पाच पुरवण्या लागायच्या. त्या पैशानं किंवा घाईनं मिळवता येत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन ग्राहक रिव्ह्यूंसाठीचं मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. आलं तेव्हा ते ऐच्छिक होतं, पण विकत घेतलेले किंवा त्यासाठीच माणसं नेमून लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, आणि लिहिणारा खरा माणूस आहे याची पडताळणी ईमेल, फोन वगैरे मार्गांनी करावी, हे त्यातलं सार तुम्हाला लागू पडतंच. चांगलं लिहा आणि बक्षीस घ्या, असा वास कुठेही येता कामा नये. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमानं अशा अटीवर बक्षीस देण्यालाच बंदी आहे, आणि अॅमेझॉननं फुकट वस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू ही पद्धत, स्वतःचा ‘वाइन’ (Vine) कार्यक्रम आणि पुस्तकं वगळता, ऑक्टोबर २०१६ मध्येच बंद केली होती. म्हणून एक तारा देणाऱ्याला आणि पाच तारे देणाऱ्याला तुमच्याकडे पॉइंट सारखेच पडतात का, हे दर तिमाहीला तपासा. आणि व्हाउचर एखाद्या उपकरण कंपनीनं दिलेलं असेल तर ते सरळ परत करा. किराण्याचं किंवा पुस्तकांच्या दुकानाचं घ्या. प्रत्येक रिव्ह्यूखाली ‘लेखकाला समूहाकडून पॉइंट मिळतात’ अशी एक ओळ असू द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: यादीत सध्या पहिल्या असलेल्या सभासदाचं काय करायचं? काहीही नाही. त्यांनी तुमचेच नियम पाळले. जुने पॉइंट कापू नका, नाहीतर उद्या नव्या नियमांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. अमुक तारखेपर्यंतचे पॉइंट ‘जुनी शिल्लक’ म्हणून वेगळे दाखवा, त्यांवरची व्हाउचरं वर्षभरात घेऊ द्या, आणि नवा हिशेब सगळ्यांसाठी शून्यापासून सुरू करा. बदल जाहीर करण्याआधी त्यांना स्वतः फोन करा. त्यांनी आजवर लिहिलेल्या वस्तूंपैकी निम्म्या जरी खरंच घरात असतील, तर पुरवण्यांचा सगळ्यांत मोठा साठा त्यांच्याकडेच आहे. त्यांना तसं सांगा.